मॅमोग्राफी नॉर्मल म्हणजे इम्प्लांट शाबूत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनात सिलिकॉन इम्प्लांट (सिलिकॉन जेल भरलेली कृत्रिम पिशवी) असलेल्या स्त्रिया मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, नॉर्मल रिपोर्ट पाहून निर्धास्त होतात. हा गैरसमज दूर व्हायला हवा. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचा एक पडदा तयार करतं. इम्प्लांटचं आवरण फाटूनही जेल या पडद्याआड राहिलं तर दुखत नाही, आकार बदलत नाही आणि मॅमोग्राफीत सिलिकॉन सगळं एकसारखं पांढरं दिसत असल्याने आतली फाट कळत नाही.

ती सर्वांत खात्रीने दिसते एमआरआयमध्ये, पण तो योग्य पद्धतीने केला तरच. ब्रेस्ट कॉइलमध्ये, म्हणजे स्तनांसाठीच्या खास सिग्नल टिपणाऱ्या साधनात, पालथं झोपवून करावा लागतो. उताणं झोपवलं की श्वासाच्या हालचालीने चित्र बिघडतं. चरबी आणि पाणी दोन्हींचे सिग्नल दाबून फक्त सिलिकॉन उजळ दाखवणारे सिक्वेन्स (चित्र घेण्याच्या पद्धती) हवेत. फाटलेलं आवरण जेलमध्ये शेवयांसारखं तरंगताना दिसतं. मात्र धडधाकट इम्प्लांटलाही घड्या असतात. त्या कडेपासून निघून आत जातात, म्हणून प्रत्येक रेघ कडेला जोडलेली आहे का, हे एकामागून एक स्लाइसमध्ये (चित्राच्या कापात) तपासावं. इथे घाई झाली तर विनाकारण ऑपरेशन होतं. फक्त फाट शोधायची असेल तर गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाच्या इंजेक्शनची गरज नाही. ते कर्करोगाच्या शोधासाठी. त्यामुळे चिठ्ठीत नुसतं 'एमआरआय ब्रेस्ट' न लिहिता 'इम्प्लांट फाटला आहे का, कॉन्ट्रास्टशिवाय' असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहावं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने २०२० मध्ये शिफारस केली की काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी, मग दर दोन-तीन वर्षांनी एक. ती सोनोग्राफीनेही चालते. पडद्याबाहेर आलेलं सिलिकॉन सोनोग्राफीत धुरकट पांढरं दिसतं. काखेतल्या लसिका गाठीही (लिम्फ नोड) पाहाव्यात. सोनोग्राफीवर शंका उरली तर मात्र एमआरआयच. सिलिकॉन जेलऐवजी सलाइनचा (मिठाच्या पाण्याने भरलेला) इम्प्लांट फुटला तर स्तन बसतो, ते डोळ्यांनाच दिसतं.

एक धोका आवर्जून सांगतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तात्पुरता बसवलेला टिश्यू एक्सपांडर (त्वचा हळूहळू ताणणारी फुगवायची पिशवी) असेल तर त्याच्या पोर्टमध्ये, म्हणजे पाणी भरायच्या तोंडात, बहुधा चुंबक असतो. हे आधी सांगितल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकू नये.

सांगली-मिरजेतल्या सेंटरांनी ब्रेस्ट कॉइल आणि सिलिकॉनचे सिक्वेन्स आहेत की नाहीत, हे फोनवरच सांगावं. खेड्यातून येणाऱ्या बाईचा खर्च आणि हेलपाटा त्याने वाचेल. तिनेही इम्प्लांटचं कार्ड आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत आणावेत.

– एक रेडिओलॉजिस्ट, मिरज