शाफ्टचा क्रॉस बघा, मग गाडी घाटात घाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यानंतर गाडीची निगा कशी राखावी, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. टायर, ब्रेक, वायपर, बॅटरी सगळं त्यात आलं. पण आमच्या पाटण-कोयना भागात वडाप (खासगी गाड्यांतून होणारी प्रवासी वाहतूक) आणि माल ज्या बोलेरो, ट्रॅक्स, ईको, जुन्या जीपवर चालतो, त्यांत इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना असतो. तो जोर मागं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टबद्दल आणि त्याच्या क्रॉसबद्दल लेखात एक ओळही नव्हती. मी इथं गॅरेज चालवतो. पाऊस उघडला की हे काम हमखास येतं, म्हणून लिहितोय.

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत बसणारा, अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कपात बारीक निडल रोलर. खड्ड्यात मागच्या चाकांमधलं हाउसिंग वरखाली होतं, गिअरबॉक्स मात्र जागेवरच राहतो. क्रॉस असतो म्हणून शाफ्ट तिरका होऊनही फिरत राहतो. हे रोलर गोल फिरत नाहीत, त्याच जागी जरासे मागंपुढं होतात. त्यामुळं ग्रीस संपलं किंवा ओढ्याचं पाणी आत शिरलं की ते क्रॉसच्या टोकावर नेमक्या तेवढ्याच जागी चरे पाडतात. जुना क्रॉस खोलून टोकावर नख फिरवा, चऱ्यात अडकतं. कपातून ग्रीसच्या जागी विटकरी रंगाची कोरडी भुकटी पडते.

गाडी हे आधी सांगते. हळू चालताना खालून चीं-चीं येते आणि वेगाबरोबर तिची लय वाढते, तेव्हा क्रॉस कोरडा पडलेला असतो. क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिला टाकताना ‘खट्ट’ झालं की फट पडली म्हणून समजा. पुढं ठरावीक वेगाला पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. एका वडापवाल्यानं याच आवाजासाठी दुसरीकडं क्लचप्लेट बदलून घेतली. आवाज तसाच राहिला, तर त्याला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. माझ्याकडं आला तेव्हा आधी गाडीखाली जाऊन शाफ्ट हातानं पिळला. मागचा क्रॉस खुळखुळत होता. क्लचला गेलेल्या पैशांपुढं क्रॉसची किंमत किरकोळ होती. हातावर पोट असलेल्या माणसाचा खर्च असा वाया गेलेला बघवत नाही.

ही तपासणी कोणत्याही चालकाला जमते. गाडी सपाट जागी घ्या, चाकांना पुढून-मागून ओट (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. एका हातानं शाफ्ट, दुसऱ्या हातानं फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टनं जोडलेला असतो ती चकती) धरून उलटसुलट पिळा, मग शाफ्ट वरखाली हलवा. क्रॉसपाशी जरा जरी प्ले (ढिलेपणा) दिसला तरी तो बदला. शाफ्ट आणि फ्लँज दोन्ही एकत्र थोडे फिरून थांबत असतील, तर तो मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांचा प्ले. त्याचा दोष क्रॉसला देऊ नका.

बदलताना ओट काढू नका. शाफ्ट उतरला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा मोकळी होते. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसमागंच (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीमागं) असल्यामुळं तोही चाकं धरत नाही. खोलण्याआधी शाफ्ट, फ्लँज आणि स्लिप जॉइंटवर (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या दातेरी सांध्यावर) खुणा करा. ही खूण फार महत्त्वाची आहे. तिरका क्रॉस शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढउतार मोडून काढतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत असतील तरच. स्लिप जॉइंट चुकीच्या दात्यावर बसला, तर नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि दोष मालाला दिला जातो.

कप व्हाइसमध्ये दाबून काढावेत. घणाचे घाव घातले की योकचे कान वाकतात. बसवताना एखादा रोलर आडवा पडला, तर कप पूर्ण आत जात नाही आणि त्याला धरून ठेवणारं लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी कप ठोकत बसू नका, काढून आत बघा. शेवटी क्रॉस हातानं सगळीकडं मोकळा वळला पाहिजे.

हे दुर्लक्षिलं तर काय होतं? पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं टोक रस्त्यावर पडून रुततं. भरलेली गाडी कुंभार्ली घाटात असताना हे झालं, तर आतल्या माणसांचं काय होईल याचा विचार करवत नाही. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, खाली वाकून शाफ्ट एकदा हातानं पिळून बघा. त्याला यंत्र लागत नाही.

आता दसरा आलाय. खंडेनवमीला चालक गाड्या वॉशिंगला नेतील, आणि जोराच्या फवाऱ्यानं सीलमधून पाणी आत जाऊ शकतं. तेव्हा धुऊन झाल्यावर ग्रीसिंग करून घ्या आणि क्रॉसच्या ग्रीस भरायच्या निपलला ग्रीसगन लावल्यावर चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येतंय का, ते स्वतः उभं राहून बघा. एका जरी कपातून आलं नाही, तरी त्याच दिवशी शाफ्ट उतरवून घ्या.

आपला,
एक गॅरेजचालक, पाटण (जि. सातारा)