घरातील ईसीजी यंत्राची निगा

महोदय,

घरच्या घरी हृदयाची विद्युत नोंद घेणारी, तळहातात मावणारी ईसीजी यंत्रे आता अनेक कुटुंबांत वापरली जातात. यंत्र कोणते घ्यावे, याची चर्चा पुष्कळ होते. घेतल्यानंतर ते कसे सांभाळावे, यावर मात्र क्वचितच लिहिले जाते.

हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवर मोजला जातो, तेव्हा त्याची ताकद जेमतेम 1 मिलिव्होल्टच्या आसपास असते. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी तो टिपला, तेव्हा रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागत. या कार्यासाठी त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या पाण्याची जागा धातूच्या छोट्या पट्ट्यांनी घेतली आहे. या पट्ट्यांवर घामाचे क्षार, त्वचेचे तेल किंवा क्रीमचा थर साचला, की त्वचेशी होणारा संपर्क बिघडतो, नोंदीची आधाररेषा वरखाली होऊ लागते आणि घरातील विजेचा अडथळाही तीत मिसळतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, ओळखताना ठोक्यांमधील अंतर अनियमित आहे का आणि पी-तरंग, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या विद्युत संकेताचा नोंदीतील छोटा उंचवटा, दिसतो का, हे पाहतात. आणि नेमका तो लहानसा पी-तरंगच अस्पष्ट नोंदीत हरवतो. मग निरोगी माणूस विनाकारण धास्तावतो, किंवा ज्याला खरोखर त्रास आहे, त्याची नोंद ‘वाचता येत नाही’ म्हणून वाया जाते. मला ही दुसरी शक्यता अधिक गंभीर वाटते.

स्वच्छतेला फार वेळ लागत नाही. माहितीपुस्तिकेत वेगळी सूचना नसेल, तर यंत्र बंद करून, चार्जिंगची तार काढून, तंतू न सुटणारे मऊ कापड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करावे आणि पट्ट्या हलक्या हाताने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. द्राव थेट यंत्रावर ओतू किंवा फवारू नये, कारण तो फटींतून आत शिरतो. ब्लीच, ॲसिटोन आणि खरखरीत घासणी टाळावी. एकच यंत्र घरातील अनेकजण वापरत असतील, तर प्रत्येकाच्या वापरानंतर ते पुसणे आवश्यक आहे. चिकटवायचे इलेक्ट्रोड असतील, तर त्यांची मुदत तपासावी. पाकीट उघडे राहिल्यास त्यांवरील जेल वाळते आणि मग ते कितीही दाबून लावले तरी नोंद नीट येत नाही.

बॅटरीकडेही दुर्लक्ष होते. यंत्र बराच काळ वापरायचे नसेल, तर बदलता येणारा सेल काढून ठेवावा, अन्यथा तो पाझरून आतील संपर्कबिंदू गंजू शकतात. यंत्रातील तारीख आणि वेळही अचूक असावी, कारण धडधड नेमकी केव्हा झाली, यावर डॉक्टरांचे अनुमान पुष्कळदा अवलंबून असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. यंत्र कितीही स्वच्छ असले आणि नोंद कितीही नितळ आली, तरी एका लीडच्या, म्हणजे हृदयाचा संकेत एकाच दिशेने टिपणाऱ्या, नोंदीवरून हृदयविकाराचा झटका नाही, असे म्हणता येत नाही. छातीत दुखत असेल, तर यंत्र बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

उत्पादकांनी स्वच्छतेच्या सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत न देता, ज्येष्ठांना वाचता येतील अशा ठळक मराठीत खोक्यावरच छापाव्यात, आणि हे यंत्र वापरण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी ते पुसण्याची रीतही रुग्णाला एकदा दाखवावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक