पाइप गॅसवाल्या साहेबांना, एका भाकरीवालीकडून

साहेब, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण वाचलंत की कळेलच, सोलापुरातली ही कडक भाकरीवाली कोण ते.

तुमच्या आधी आलेले मार्केटिंगवाले बोलायला फार गोड. नेमके भोगीच्या आठवड्यात आले. तिन्ही भट्ट्या पेटलेल्या, दिवसाला 19 किलोच्या तीन टाक्या जात होत्या. तोच आकडा वर्षभराचा धरून पाइप गॅसचा करार पुढं केला, मीही सही ठोकली. उन्हाळ्यात भट्टी एकच चालते, पण गॅस जाळा नाहीतर नका जाळू, ठरलेल्या किमान वापराचे पैसे भरायचेच. फोन केला की, "मॅडम, करारात लिहिलंय." पुढं पुढं तर फोनच उचलेनात.

तुम्ही आलात ते पहाटे साडेपाचला. बायकांना वाटलं, कनेक्शन तोडायला माणूस आला! तुम्ही म्हणालात, "काकू, भट्टी पेटते तेव्हाच मीटर बघायला पाहिजे." पिठाच्या डब्यावर बसलात. तासातासाला मीटर वाचून भाकरीच्या पुड्याच्या कागदावर, बॉलपेननं, मराठीत हिशोब मांडलात. एक टाकी म्हणजे साधारण 25 घनमीटर गॅस. टाकीवरच्या 18 टक्के जीएसटीची वजावट तेव्हा मिळत होती, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतून कमी करता यायचा. पाइपच्या गॅसवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. तो आपल्याकडं 2022 पासून साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आला, पण त्याची वजावट मिळत नाही. हे आधीच्यांनी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्यानं आपल्याच मालाची उणी बाजू आपणहून सांगावी, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग जुना आकडा खोडलात आणि मान खाली घालून म्हणालात, "हा तुमच्या भट्टीचा आकडा नाही काकू, आमच्या टार्गेटचा आहे."

चूक तुमची नव्हती. तरी "आमच्या" म्हणालात. इतकी वर्षं धंदा करतेय, लाइटबिल, पाणीपट्टी, बँक, सगळ्यांच्या खिडक्यांवर उभी राहिलेय. दुसऱ्याची चूक अशी अंगावर घेणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच भेटली.

पुढं करार बदलला. कुठल्या साहेबाच्या सह्या, कुठली मंजुरी, ते तुम्हालाच ठाऊक. पुड्याचा तो कागद मात्र मी मीटरशेजारी चिकटवलाय, तेलाचे डाग पडलेत त्यावर.

यंदा भोगीला या. पहाटे नको, जेवायला या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा. मीटर बघायचा नाही.

तुमची,
भाकरीवाली काकू