बँकेला दर तिमाहीला, भागधारकाला वर्षातून एकदा

संपादक महोदय,

रुपया घसरला की माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग वधारल्याची बातमी ठरलेलीच असते. ज्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज उचलले आहे, पण त्या प्रमाणात डॉलरची मिळकत नाही, त्यांच्या भागधारकांचे त्याच दिवशी काय होते, हे मात्र क्वचितच छापून येते.

पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉन एनर्जीचे उदाहरण घ्यावे. डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास असताना, २००७ मध्ये, कंपनीने परकीय चलनातील परिवर्तनीय रोखे, म्हणजे ठरलेल्या भावाने समभागांत बदलून घेता येणारे कर्जरोखे, विकले. समभागाचा भाव चढत राहील, रोखेधारक समभाग घेतील आणि डॉलर परत करण्याची वेळच येणार नाही, असा हिशेब तेव्हा अनेक कंपन्यांनी मांडला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलर फेडण्याची वेळ आली, तेव्हा समभाग गडगडलेला होता, डॉलर ५३ रुपयांच्या घरात होता आणि कंपनीला रक्कम देता आली नाही. चाळीसच्या दराने हे देणे ८३६ कोटी रुपयांचे होते, ५३ च्या दराने ते ११०८ कोटींच्या आसपास गेले. एकही जादा पवनचक्की न उभारता सुमारे २७० कोटींचा बोजा वाढला. कंपनी केवळ विनिमय दरामुळे अडचणीत आली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण २००८ नंतरची जागतिक मंदी आणि परदेशातील महागडी खरेदीही होतीच. पण परदेशी गुंतवणूकदार पैसा काढून घेतात तेव्हा समभाग आणि रुपया एकदमच पडतात, म्हणून अशा रोख्यांत दुष्काळात तेरावा महिना हा अपवाद नसून नियम ठरतो. पुढे कर्जाची पुनर्रचना झाली, सावकार बँकांना समभाग दिले गेले आणि जुन्या भागधारकाचा वाटा आणखी आकसला.

डॉलरमधील कर्ज स्वस्त असते, हा युक्तिवादही तपासून घ्यायला हवा. विनिमय दराचे संरक्षण घेण्याचा, म्हणजे हेजिंगचा, खर्च साधारणपणे दोन देशांच्या व्याजदरांतील फरकाएवढा असतो. तो भरला की स्वस्ताई बरीचशी संपते. हेजिंग न करता वाचवलेले व्याज नफ्यात दिसते, आणि त्या जोखमीचा विमा भागधारकच देत असतो, तोही हप्ता न घेता. त्यातच मार्च २००९ मध्ये सरकारने लेखांकनाचा नियम सैल केला आणि दीर्घ मुदतीच्या परकीय कर्जावरील विनिमय तोटा लगेच नफा-तोटा पत्रकात न दाखवण्याची मुभा कंपन्यांना दिली. तोटा होत होता, फक्त दिसत नव्हता.

आता चित्र बरेच सुधारले आहे, हे मान्य. तरीही रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कर्जदार कंपनीच्या असंरक्षित परकीय चलन देण्यांची माहिती बँका दर तिमाहीला मागवू शकतात, तर भागधारकाला ती वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपांत, वर्षातून एकदा शोधावी लागते. देणी फेडताना सर्वांत शेवटी ज्याचा नंबर लागतो, त्यालाच ती सर्वांत उशिरा कळते. म्हणून, डॉलर एक रुपयाने महागल्यास प्रति समभाग नफ्यात किती पैशांचा फरक पडेल, हा एक आकडा तिमाही निकालांसोबत देणे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सक्तीचे करावे. हिशेब कंपन्यांकडे तयारच असतो.

– एक वाचक, पुणे