मी खालीच जेवते, काळजी नको

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की आई मध्येच "बरं, ठेवते" म्हणते आणि बाबा फोन टीव्हीजवळ ठेवून पेपर वाचायला लागतात. म्हणून पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. तुम्हाला नको वाटेल तो भाग गाळायचा नाही. मी दादाला याची प्रत पाठवली आहे.

मी इथे तैवानमध्ये नोकरीच्या आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली आहे. आणि एक तारखेपासून आपल्याकडे दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला बाई येतील, त्यांच्याशी दादाचं बोलणं झालं आहे आणि पैसेही ठरले आहेत. न विचारता केलं म्हणून आई रागावेल. विचारलं असतं तर दोन्ही गोष्टी राहिल्या असत्या, हेही तिला माहीत आहे.

आधी माझं सांगते. हे काम अर्धवट टाकून आले असते तर तिकडे याच तोडीचं मिळायला वेळ लागला असता, आणि दादाच्या वेळी ते रिकामे महिने घरात कसे गेले हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. घराचे हप्तेही अजून आहेत. मी राहते त्या शिंचू गावचं सायन्स पार्क, म्हणजे कंपन्यांची वसाहत, 1980 पासूनचं, कॉम्प्युटरच्या चिपच्या धंद्यात इतकं शिकायला मिळेल अशा जागा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे मी गेल्या गणपतीतही सांगितलं होतं, तेव्हा काकांनी विषय माझ्या लग्नाकडे वळवला. असो. दिवाळीला येणार हे नक्की, त्यात बदल नाही.

पण आई, तुझं खरं दुखणं नोकरी नाहीच. "आणखी तीन वर्षं हॉटेलचं खाणार का गं?" हे तू ज्या आवाजात विचारलंस, तो आवाज मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरते आहे. तर आज नीट सांगते, मी काय खाते आणि कुणाच्या हातचं खाते.

पहिली गोष्ट, ते हॉटेल नाही. माझ्या इमारतीतून उतरलं की रस्त्याच्या कडेने ओळीने दुकानं आहेत. वरचे मजले पुढे आलेले असल्यामुळे खाली छप्पर असलेला रस्ता तयार होतो, धो-धो पावसातही माणूस कोरडा चालतो. तिथे कोपऱ्यावर स्टीलची चार-पाच टेबलं, लाल प्लास्टिकची स्टुलं, भिंतीवर पंखा आणि बातम्यांचा टीव्ही. दारातच उकळत्या पाण्याचं मोठं पातेलं. आत गेलं की आपणच चिठ्ठी घ्यायची, बांधलेल्या पेन्सिलीने हवं त्यापुढे खूण करायची आणि बाईंच्या हातात द्यायची. वाट्या, चमचे, चॉपस्टिक आपण उचलून आणायच्या. टिप नाही, वेटर नाही, "आणखी काय घेणार?" नाही. इथे माझ्यासारख्या एकट्याला मिळणाऱ्या खोल्यांत स्वयंपाकघर म्हणजे एक बेसिन आणि जेमतेम इंडक्शन, म्हणून अर्धी गल्ली अशीच खाली उतरून जेवते. म्हातारी जोडपी जेवतात, शाळेची मुलं दप्तर मांडीवर घेऊन जेवतात. त्यांच्याकडे बघून कुणी "बिचारे" म्हणत नाही.

दुकानाच्या बाई तुझ्याच वयाच्या असतील. मुलगा कढईवर असतो, पातेलं मात्र त्या कुणाला देत नाहीत. लांब दांड्याच्या खोलगट झाऱ्यात नूडल्स टाकतात, पाण्यात बुडवतात, वर काढून दोनदा जोरात झटकतात आणि वाटीत उलटतात. वाटीत तळाशी तिळाचं वाटण, सोया सॉस आणि थोडा लसूण आधीच घातलेला असतो. वर काकडीचे बारीक तुकडे. ढवळून खायचं. तीळ म्हणजे कॅल्शियम, हे तूच मला परीक्षेच्या दिवसांत लाडू भरवताना सांगायचीस. त्याच पातेल्यात पालेभाजी नुसती उकडतात, हिरवीगार राहते. इथल्या पद्धतीप्रमाणे तिच्यावर डुकराच्या मांसाचा रस्सा किंवा चरबी घालतात. मी पहिल्यांदा हातवारे करून नको म्हटलं, तेव्हापासून माझी भाजी वेगळी निघते, वर फक्त सोया सॉस. मी विसरले तरी त्या विसरत नाहीत.

अंडं आणि चिकन मी खाते, त्यावर आपलं बोलून झालं आहे, पुन्हा नको. त्या दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते लूरोफान, म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, सोया सॉस घालून तासन्‌तास शिजवलेलं डुकराचं मांस लहान वाटीभर भातावर. ते मी घेत नाही. पण त्याच मसाल्यात मुरलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, आणि समुद्री शेवाळाच्या गाठी मिळतात, त्या घेते. नूडल्स, भाजी, टोफू, सगळं मिळून शंभरेक तैवानी डॉलरमध्ये पोट भरतं. आपल्या रुपयांत किती ते बाबा, तुम्ही काढालच, आणि "महाग आहे" म्हणाल. घरी एकटीसाठी भाज्या आणून अर्ध्या टाकून देण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि जे तू विचारत नाहीस पण मनात धरून बसली आहेस, तेही सांगते. त्या दुकानात गोमांस नाही. तैवानचं बीफ नूडल्स सूप जगभर गाजलेलं आहे खरं, पण ते 1949 नंतर चीनमधून आलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी इथे रुजवलं. त्याआधीपासूनच्या शेतकरी घरांतली कितीतरी वयस्कर माणसं अजूनही ते खात नाहीत. ज्या जनावराने आपलं शेत नांगरलं त्याला खायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. बाईंचे वडील भातशेती करायचे, म्हणून त्या खात नाहीत आणि विकतही नाहीत. तुमची दोघींची भाषा जुळणार नाही, पण या एका मुद्द्यावर तुम्ही शेजारी बसून तासभर माना डोलावू शकाल.

2024 च्या एप्रिलमध्ये तो मोठा भूकंप झाला, तुम्ही पहाटे साडेपाचपासून फोन लावत होतात, आठवतंय ना? तुमचे साडेपाच म्हणजे इथले आठ. त्या संध्याकाळी मला वर खोलीत एकटं बसवेना म्हणून मी खाली उतरले, तर दुकान उघडं. थोडी भांडी फुटली होती, ती एका टोपलीत भरून ठेवलेली, आणि पातेलं नेहमीसारखं उकळत होतं. बाईंनी चिठ्ठी न घेताच वाटी पुढे ठेवली आणि पैसे घेताना अंड्याचे धरले नाहीत. हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं. तुम्ही आणखी घाबरला असतात.

रोज एकच खाते असंही समजू नका. या गावाला वाऱ्याचं गाव म्हणतात. शरद ऋतूपासून असा कोरडा वारा सुटतो की छत्री उलटी होते. त्याच वाऱ्यावर इथले लोक तांदळाच्या शेवया बांबूच्या चौकटींवर पसरून वाळवत आले, आणि त्या शेवयांसाठी शिंचू प्रसिद्ध आहे. त्या चौकटी बघून मला तू गच्चीत घातलेल्या कुरडयाच दिसतात. कुरडयांवरून आठवलं, गच्चीवर चढायचं नाही. मागच्या वर्षी "दोनच पायऱ्या तर आहेत" म्हणून गेलीस आणि महिनाभर गुडघा शेकत बसलीस. विकतच्या आण.

सुट्टीच्या दिवशी गावातल्या देवळाकडे जाते. 1748 मधलं नगरदेवाचं देऊळ आहे, आणि त्याच्या अंगणात, अगदी दाराला चिकटून, खाण्याच्या गाड्या. उदबत्तीचा आणि तळणाचा वास एकत्र. तिथे त्या शेवया परतलेल्या मिळतात. एका गाडीवर शेंगदाण्याच्या चिक्कीची मोठी लादी ठेवलेली असते. सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने तिचा भुगा काढतात, पातळ पोळीवर पसरतात, त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि त्यावर, आई, चक्क कोथिंबीर. गुंडाळून हातात देतात. तू नाक मुरडशील आणि दुसरं मागशील. नासका टोफू म्हणून एक प्रकार मिळतो, त्याच्या वासाने मी रस्ता बदलते, सगळे कितीही म्हणोत.

बाबा, तुमच्यासाठी रताळ्याचे गोळे. पिवळे आणि जांभळे, लिंबाएवढे, तेलात सोडतात आणि फुलायला लागले की झाऱ्याच्या पाठीने दाबतात. चपटे होतात, पुन्हा फुलतात, पुन्हा दाबतात, आणि दरवेळी आधीपेक्षा मोठे होतात. शेवटी आतून पोकळ, बाहेरून कुरकुरीत. पगाराच्या दिवशी तुम्ही ऑफिसातून येताना भज्यांचा पुडा आणायचात आणि आमची भांडणं नकोत म्हणून मोजून वाटायचात. एक जास्त निघालं की मला, कारण दादाला "तू मोठा आहेस" म्हणून समजावलं जायचं. पहिला पुडा घेतला तेव्हा मी रस्त्यात उभी राहून मोजत होते.

पण तुम्हाला मिळणार तीन. साखर बघून बोला. बबल टीचं तर नावच काढू नका. इथे साखर पूर्ण, अर्धी, थोडी की मुळीच नाही ते सांगता येतं, म्हणून तुम्ही "बिनसाखरेचा चालेल की" म्हणाल. त्या चहातले काळे मोती आपला साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याच कंदाच्या पिठाचे असतात, आणि शिजवून वर साखरेच्या पाकात मुरवलेले. तीन महिन्यांची साखर तपासून दादाला रिपोर्टचा फोटो पाठवा. तोंडी "नॉर्मल आहे" चालणार नाही. संध्याकाळचं फिरणं हमरस्त्याने नको, बागेत.

तुम्ही दोघं थंडीत इथे महिनाभर या, असं मला वाटतं. आईच्या जेवणाचं मी बघून ठेवलं आहे. पाटीवर स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं की ते बौद्धांचं शाकाहारी दुकान, त्यांच्यातल्या कडक पाळणाऱ्यांना कांदा-लसूणही चालत नाही. चातुर्मासातही तुझी पंचाईत होणार नाही. माझं आरोग्य विम्याचं कार्ड आहे, सर्दी-खोकल्यालाही डॉक्टरकडे जाते. खोलीत हीटर आहे, गोधडी तुझीच आहे. कपडे, पांघरूण, औषधं, कशालाही कमी नाही.

आता आपल्याकडे येणाऱ्या स्वयंपाकाच्या बाईंचं. आई, तू म्हणतेस, "माझ्या घरात दुसरीच्या हातचं खायचं म्हणजे मी कामातून गेले." मी दुसरीच्या हातचं खाते, कामातून गेले का? संध्याकाळी तुम्ही चहा घेत असता तेव्हा मी खाली जेवत असते, समोर वाफाळती वाटी येते, आणि दरवेळी मला एकच गोष्ट खटकते. तुझ्या ताटात तव्यावरून उतरलेली पोळी पडलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही तिघं खाऊन उठायचो, मग तू कढई पुसून घेत बसायचीस, गार. आम्ही म्हणायचो, "आई बस ना आमच्याबरोबर." म्हणायचो, आणि पोळी मागायचो.

तुझ्या हाताला चव नाही म्हणून बाई ठेवलेली नाही, हे कुणी बोललं तर माझं नाव सांग. आमटी तूच फोडणीला घाल, पुरण तूच कर, मसाल्याच्या डब्याला त्यांनी हात लावायचा नाही असं दादाने आधीच सांगितलं आहे. पोळ्या, भाजी आणि कुकर त्यांचा. गुडघ्याच्या व्यायामाला सकाळचा तेवढा वेळ मिळेल, आणि तो तू करायचा आहेस. एक महिना बघ. अगदीच नाही पटलं तर आपण बोलू, पण पहिल्याच आठवड्यात "उद्यापासून नका येऊ" असं परस्पर सांगायचं नाही. मागच्या बाईंना तसं सांगितलंस, आम्हाला कळलं दिवाळीत.

बाबा, त्या आल्या की तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन सूचना देऊ नका. ताटं दोन घ्या आणि एकदम बसा. आई आधी ओटा पुसायला गेली तर तुम्हीही जेवायचं नाही, हे तुमच्याकडे लागलं.

पोळ्या जाड झाल्या तर त्यांना सांग, मला फोनवर नको. गोळ्यांचा डबा रविवारी भरून ठेवा. बाथरूममधला दांडा बसवायला शनिवारी माणूस येईल, त्याला चहा दे पण "कशाला भिंत फोडता" म्हणून परत पाठवू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. शेवयांचं पाकीट दादाच्या मित्राबरोबर पाठवलं आहे. आधी गरम पाण्यात भिजवून मग परतायच्या. बाईंना करायला सांग, तू बसून खा.