घर दिले, पण जायचे कसे?

महोदय,

येत्या १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महापालिकेसाठी मतदान होत असून आमच्या प्रभागातील एका उमेदवाराचे आठ पानी पत्रक परवा घरी आले. 'समन्याय', 'हक्काचे घर' आणि 'सुलभ प्रवास' अशी तीन प्रकरणे त्यात आहेत. एकमेकांची उणीदुणी काढण्यातच संपणाऱ्या प्रचारात कोणी नागरी प्रश्नांवर आठ पाने लिहिली, याबद्दल खरे तर आभारच मानायला हवेत. म्हणूनच ती नीट वाचली.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या रखडलेल्या योजना पाच वर्षांत मार्गी लावू, असे आश्वासन घरांच्या प्रकरणात आहे. परंतु या योजना हाताळणारे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्य शासनाचे असून मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. नगरसेवक तेथे पाठपुरावा करू शकतो, निर्णय घेऊ शकत नाही. याउलट रस्तारुंदी, नाले, जलवाहिन्या अशा पालिकेच्या स्वतःच्या कामांत ज्यांची घरे जातात, त्या प्रकल्पबाधितांना कोठे पाठवायचे, हा थेट पालिकेचा विषय आहे आणि त्यावर पत्रकात एक ओळही नाही.

आमच्या भागाला तरी हे विसरता येऊ नये. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा येथील अनेक कुटुंबांची रवानगी चेंबूरजवळच्या माहुलला झाली. इमारती पक्क्या होत्या, कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झाले होते. पण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते. हवेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला, या कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असा आदेश द्यावा लागला. प्रदूषणाची चर्चा झाली ती योग्यच झाली. मात्र पायी चालत घरकामाला जाणाऱ्या बाईला रोज बसभाडे मोजावे लागणे, मुलांची शाळा तुटणे, हा दुसरा भुर्दंड कोणत्याच हिशेबात आला नाही. पुढे रिकामी राहिलेली घरे पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांत देऊ केली, तेव्हाही प्रतिसाद अल्प होता. मुंबईत या किमतीचे घर नको वाटावे, यातच सारे आले.

प्रवासाच्या प्रकरणात महिलांना बेस्टच्या तिकिटात निम्मी सवलत देऊ, असे म्हटले आहे. एसटीत ती मार्च २०२३ पासून आहे, बेस्टमध्येही जरूर यावी. विशेषतः मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाल्यानंतर. पण बसच कमी असतील तर सवलत घ्यायची कशात? बेस्टच्या स्वमालकीच्या गाड्या वर्षागणिक घटत गेल्या आहेत. पालिकेच्या २०२५-२६च्या ७४ हजार ४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी आले, आणि त्याच पालिकेने मोटारवाल्यांच्या मुख्यत्वे उपयोगाच्या सागरी किनारा मार्गावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च केले. समन्यायाचे प्रकरण खरे तर येथून सुरू व्हायला हवे होते. उमेदवाराने त्यात समाजमंदिरे आणि ज्येष्ठांसाठी कट्टे यांची यादी दिली आहे. कट्टे हवेतच, पण त्याला समन्याय म्हणणे जरा जास्त होते.

मार्च २०२२ पासून महापालिकेत लोकप्रतिनिधी नव्हते. स्थायी समिती, सुधार समिती आणि बेस्ट समिती यांचे अधिकार जवळपास चार वर्षे प्रशासकांकडे होते. आता या समित्या पुन्हा भरतील. तेव्हा उमेदवारांना माझे विचारणे एवढेच आहे की, एखाद्या प्रकल्पासाठी घरे हटवण्याचा प्रस्ताव सभागृहात आला आणि त्यात पर्यायी घर त्याच परिसरात नसेल, किंवा दूर असूनही बसमार्ग, फेऱ्या आणि शाळेची सोय यांचा उल्लेख नसेल, तर आपला पक्ष सत्तेत असला तरी आपण त्या प्रस्तावाला विरोध करणार का? आणि बेस्टच्या तरतुदीसाठी कोणत्या खर्चाला कात्री लावण्यास आपण तयार आहात? प्रचार संपण्यापूर्वी प्रभागातील एखाद्या सभेत याचे उत्तर मिळाले, तर निदान आमच्या चाळीतील बरीच मते त्यावर ठरतील.

– एक मतदार, विद्याविहार, मुंबई