सोनं गोठत नाही, उशिरा येतं

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी विचारलं, "इतक्या थंडीत तुमच्या खाणीत सोनं निघतं तरी कसं?" फोन कटला आणि उत्तर राहून गेलं.

निघतं, पण वेळ घेतं. सोन्याचा अंश असलेला, पिठासारखा दळलेला दगड टाकीत घालून चुना आणि अगदी विरळ सायनाइड मिसळतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की सोनं त्यात विरघळतं. ग्लासगोत १८८७ साली निघालेली ही रीत मुळात अजून तीच चालू आहे. गारठ्यात ही क्रिया मंदावते. मात्र थंड पाणी ऑक्सिजन जास्त धरतं: ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, २५ अंशाला ८.३ च्या आसपास. तेवढाच आधार. भरपाई पूर्ण होत नाही, म्हणून टाकीत माल जास्त वेळ ठेवावा लागतो.

मला सगळ्यात छळतो तो गाळ. पाणी वेगळं काढायला तो तळाशी बसावा लागतो. एकदा तोच चिखल दोन मोजपात्रांत ओतला, एक खोलीत ठेवलं, दुसरं बर्फात. पहिल्यात नितळ पाण्याची रेघ डोळ्यांदेखत खाली सरकत होती. बर्फातली जागची हलेना. गोठायला टेकलेलं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट चिकट, म्हणजे वाहायला जड, असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

कमी प्रतीच्या दगडाचे ढीग असतात. त्यांवर ठिबकच्या नळ्यांनी सायनाइडचं विरळ द्रावण सोडतात. हिवाळ्यात नळ्या दगडाखाली गाडतात, द्रावण कोमट करतात. अलास्कातल्या फोर्ट नॉक्स खाणीत असा ढीग हिवाळाभर चालतो. वाहतं द्रावण सहसा गोठत नाही, थांबलेलं गोठतं. गेल्या महिन्यात आमचा एक पंप रात्री बंद पडला आणि तासाभरात नळी दगडासारखी झाली. ती मोकळी करायला सकाळ उजाडली. त्या रात्री फार घाबरले होते, तुम्हाला सांगितलं नाही.

आई, सायनाइडची काळजी करू नकोस. सामू (pH) १०.५ च्या वर असला की विषारी वायू फारसा सुटत नाही. तो वर ठेवतो चुना, म्हणून चुन्यावर आमची सतत नजर असते. मी स्वतः दर पाळीला सामू मोजते.

आज रात्रपाळी आहे. त्या नळीला आता तापणारी पट्टी गुंडाळली आहे. निघण्याआधी हात लावून बघते, गरम आहे ना.

तुमची लेक